गोधडीच्या चौकोनात चुण्यांचं कापड घालायचंय, पण जोडताना चौकोन वाकडा होतो. काय करावं?

चुण्यांच्या तुकड्याखाली साध्या सुती कापडाचा नेमक्या मापाचा चौकोन घ्या आणि चुण्या आधी त्यावर चारी बाजूंनी टाचा, मग तो तुकडा ताणलाही जात नाही आणि वाकडाही होत नाही. ब्लाउज-फ्रॉक शिवताना झालरीला वापरते तीच ही रीत. साडेआठ इंचाच्या चौकोनासाठी कापड साडेआठ बाय सोळा-सतरा घ्या, म्हणजे लांबी जवळजवळ दुप्पट. लांब कडांना मशीनचा टाका सर्वांत मोठा ठेवून दोन ओळी मारा: एक कडेपासून एक सुतावर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दुसरी तीन सुतांवर. बॉबिनचे (मशीनच्या खालच्या रिळाचे) दोन्ही धागे एकदम ओढा, चुण्या बोटांनी सारख्या करा आणि खालच्या चौकोनावर टाचा. जोडशिवण पाव इंचावर, म्हणजे दोन ओळींच्या बरोबर मध्ये येते. तीन सुतांवरची ओळ नंतर उसवा, ती वरून दिसते. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे घडी दुमडून शिवणीत जात नाही. इस्त्री फक्त शिवणीवर. चुण्यांवर फिरवली की सगळी मेहनत सपाट.

कापड मलमल, वायल किंवा जुनी मऊ सुती साडी. जाड पॉपलिनच्या चुण्या शिवणीत गठ्ठा करतात आणि सुई मोडू शकते.

फक्त एक, हातानं धावदोरा घालून पूर्ण गोधडी भरणार असाल तर हे चौकोन मोजकेच ठेवा. दोरा चुण्यांवरून गेला की त्या दबतात. तिथं कडेनंच टाके घाला.