मिथेन रोखण्यासाठी सरकारी अनुदान : अर्जात भर कशावर द्यावा?

प्रश्न : आमच्या कारखान्यातील सांडपाण्याच्या उघड्या टाक्यांमधून मिथेन हवेत जातो. तो गोळा करून बॉयलरमध्ये जाळण्यासाठी सरकारी अनुदान मागायचे आहे. अर्जात भर कशावर द्यावा?

उत्तर : आजच्या उत्सर्जनाच्या मोजणीवर. सांडपाण्याचा रोजचा प्रवाह आणि त्यातील सेंद्रिय भार, म्हणजेच सीओडी (सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिजनच्या गरजेवरून काढलेले माप), यांच्या निरनिराळ्या हंगामांतील नोंदी जोडल्या नसतील, तर किती मिथेन वाचेल हा दावा परीक्षकांना तपासताच येत नाही, आणि माझ्या मते चांगला प्रकल्पही तिथेच दुबळा ठरतो. मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत २० वर्षांच्या कालावधीत सुमारे ८० पट, तर १०० वर्षांच्या कालावधीत सुमारे २८ पट मानला जातो. त्यामुळे योजनेने ठरवलेलाच गुणांक घ्यावा आणि तो कोणत्या कालावधीचा आहे, हे स्पष्ट लिहावे. इंधनाची बचत हिशेबात धरूनही अनुदानाची गरज का उरते, हे प्रामाणिकपणे दाखवावे. मंजुरीपूर्वी यंत्रखरेदी टाळावी, कारण असा खर्च अनेक योजनांत ग्राह्य धरला जात नाही. वायू गोळा करण्यासाठी टाक्यांवर घातलेले आच्छादन आणि नळांचे सांधे यांतील गळती पुढेही नियमित तपासण्याचा खर्च अंदाजपत्रकात आवर्जून धरावा.