कर शून्य, मग सवलत कशावर? एकट्या पालकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : पगार महिना ३२ हजार, दोन मुलं, कमावणारी मी एकटीच. एजंट म्हणतो, जुनी करप्रणाली घ्या, आरोग्य विमा काढा, ‘एटी-डी’खाली (विम्याच्या हप्त्याची उत्पन्नातून वजावट देणारं आयकर कलम ८०डी) कर वाचेल. खरं का?

उत्तर : वाचवायला आधी कर बसला तर पाहिजे! तुमचं वर्षाचं उत्पन्न ३ लाख ८४ हजार. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत करच नाही. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ३ लाख ३४ हजार उरतात. त्यावर ४,२०० रुपये कर निघतो, पण करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्याने तोही माफ. म्हणजे हप्त्याच्या वजावटीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. एकट्या पालकासाठी आपल्या आयकरात वेगळा टप्पाही नाही.

फरक पडला तो जीएसटीने. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. १५ हजारांच्या हप्त्याला पूर्वी १७,७०० मोजावे लागत. मूळ हप्ताच वाढवलेला नाही ना, हे मात्र जुन्या पावतीशी ताडून बघा. विमा घ्यायचा तर आजारपणासाठी घ्या.

प्रश्न : पत्नी गेल्यावर मुलीला मीच सांभाळतो. पगार २०,५०० आहे, जुलैपासून २१,५०० होणार. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बंद होईल?

उत्तर : लगेच नाही. मर्यादा २१ हजारांची आहे, पण एप्रिल ते सप्टेंबर हा सहामाही कालावधी चालू असताना ती ओलांडली, तर ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापली जातेच. तुमच्याकडून ०.७५ टक्के, म्हणजे साधारण १६२ रुपये. एवढ्यात मुलीची बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही मिळतात, जी बहुतेक खासगी पॉलिसींत नसतात. वर्गणी थांबली की पुढे हा लाभही जातो आणि एक हजाराच्या वाढीपुढे ते नुकसान मोठं आहे. पगारवाढीची तारीख पुढे ढकलता येईल का, मालकाशी बोलून बघा. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत.

प्रश्न : नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही. रेशनकार्ड त्याच्याच नावावर. मुलाच्या ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजना चालेल का?

उत्तर : कार्डावर मुलाचं नाव असेल तर चालेल, २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं. अडचण अशी की ५ लाखांचं संरक्षण कुटुंबाला मिळून असतं. त्याच वर्षी नवऱ्याने उपचार घेतले असतील, तर तेवढी रक्कम कमी झालेली असते. म्हणून वेगळं कार्ड काढाच : जुन्या कार्डातून तुमचं आणि मुलाचं नाव कमी करून घ्या आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत (मुंबईत शिधावाटप कार्यालयात) पत्त्याच्या व उत्पन्नाच्या पुराव्यासह अर्ज करा. ऑपरेशन तोंडावर असेल तर मात्र आधी उपचार उरका. नाव कमी झालं आणि नवं कार्ड आलं नाही, तर मुलगा कुठल्याच कार्डावर राहत नाही.

रुग्णालय योजनेत असलं पाहिजे. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भरती होण्याआधी भेटा. योजना रोकडरहित आहे, त्यामुळे स्वतः बिल भरून नंतर पैसे मागण्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : घरकामाचं उत्पन्न १ लाख ८० हजार. पतीच्या विम्याच्या ठेवीवर ५६ हजार व्याज आलं, बँकेने टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापला. परताव्यासाठी रिटर्न भरलं तर ‘लाडकी बहीण’ बंद होईल?

उत्तर : योजनेतून वगळतात ते आयकरदात्याचं कुटुंब. तुमचा देय कर शून्य आहे. रिटर्न भरा, कापलेले ५,६०० परत घ्या. पाहायची ती अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा. व्याज धरून तुम्ही २ लाख ३६ हजारांवर आहात.