मसुद्यावर हरकती पाठवून खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की केंद्राची पर्यावरण-विकासाची धोरणं ठरताना स्वयंसेवी संस्थांचं कुणी ऐकतं का, आणि मसुदा निघाला की हरकती-सूचना पाठवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं तर नाही ना. मी संस्थावाला नाही. दादरला स्टेशनजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, वकिलांची कागदपत्रं आणि नाना संघटनांची पत्रकं माझ्या हाताखालून गेलीत. त्यामुळे उत्तर द्यायचा अधिकार थोडा आहे आणि राग बराच आहे.

उपयोग होतो. २००८ साली केंद्रानं सीआरझेडच्या, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगत काय बांधायचं आणि काय नाही ते ठरवणाऱ्या नियमांच्या, जागी किनारा व्यवस्थापनाची नवी अधिसूचना आणायचं ठरवलं होतं. मच्छीमार संघटना उठल्या, कच्छमधल्या जखौपासून कोलकात्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं यात्रा निघाली. २००९ मध्ये स्वामिनाथन समितीनं सांगितलं की हा मसुदा सोडून द्या, आणि तो बारगळला. मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश किनारी राज्यांत लोकांसमोर येऊन बसले, मुंबईतही सभा झाली. २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करा, असं आलं, ते कुणा साहेबाला रात्री स्वप्न पडलं म्हणून नव्हे.

आता २०१८ चं ऐका. एप्रिलमध्ये सीआरझेडचा नवा मसुदा आला, हरकतींना साठ दिवस. एका संस्थेच्या ताई दुकानात आल्या. संस्थेचं नाव सांगत नाही, काम चांगलं करतात. हातात दोन पानी इंग्रजी पत्र. याचं मराठी करून टाईप करा, कोळीवाड्यांत वाटून सह्या घ्यायच्या आहेत, म्हणाल्या. पत्रात सगळ्यात वर, ठळक: ‘ना विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्यास आमचा तीव्र विरोध आहे.’

माझं आजोळ कोळीवाड्यातलं. मामाच्या दोन होड्या होत्या, आता एक आहे. म्हणून मसुदा मी आधीच वाचून ठेवला होता. ना विकास क्षेत्र म्हणजे भरतीरेषेपासून बांधकामाला बंदी असलेला पट्टा. तो ५० मीटरवर आणायची सवलत होती सीआरझेड-३ अ ला, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर लोकवस्ती असलेल्या ग्रामीण किनाऱ्याला. मुंबईची बांधलेली किनारपट्टी बहुतेक सीआरझेड-२ मध्ये, म्हणजे शहरी वर्गात. इथं बदलणार होतं ते दुसरंच. किनाऱ्यालगतच्या इमारतींचा एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येतं ते प्रमाण, १९९१ च्या बांधकाम नियमावलीवर गोठवलेलं होतं, ते मोकळं होणार होतं. म्हणजे कोळीवाड्याच्या पाठीला असलेली तीन मजली चाळ उद्या टॉवर होणार, आणि टॉवरमधल्यांना बोंबलाचा वास येतो म्हणून परवा तक्रार जाणार.

मी ताईंना म्हटलं, हे लिहा. आणि होड्या शाकारायची, जाळी तुणायची, मासळी सुकवायची जागा नकाशात आमच्या वापराची म्हणून दाखवा, हे लिहा. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली जागा, पण सातबारा कुणाच्या नावावर नाही. नकाशावर बघाल तर पांढरा कागद.

ताई म्हणाल्या, ‘‘दादा, दिल्लीत मजकूर कोण वाचतंय? आकडा मोजतात. तुम्ही टाईप करा.’’

केलं. धंदा आहे.

रविवारी सह्या घ्यायला मीही आजोळी गेलो. मामी सातवी पास. चष्मा लावून दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली (एवढं त्या गल्लीत दुसऱ्या कुणी केलं नसेल) आणि मला विचारलं, ‘‘यात आपलं खळं कुठाय?’’ खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘‘तू टाईप केलंस ना? मग?’’ आणि तरी सही केली, भाच्याचं काम म्हणून.

पुढचं अजून खुपतं. छपाईसाठी मी जुन्या फॉन्टमध्ये टाईप करायचो, युनिकोडमध्ये नाही. युनिकोड कुठल्याही मशीनवर वाचता येतं, जुना फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर नुसता कचरा दिसतो. संस्थेतल्या मुलानं तोच मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला आणि तीनेकशे लोकांच्या मेलवरून पाठवायला लावला. एक प्रत मला आली. उघडून बघतो तर प्रश्नचिन्हं, डॉलर, उभ्या रेघा आणि टोपीवाली इंग्रजी अक्षरं. दिल्लीत पर्यावरण मंत्रालयात कुणी उघडलं असेल तर वाटलं असेल, मुंबईत पोरांना कीबोर्डवर बसवतात. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, ‘‘फाईल तुमची होती.’’

१८ जानेवारी २०१९ ला अधिसूचना निघाली आणि एफएसआय मोकळा झाला. माझ्या फॉन्टमुळे नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण मामीचं खळं त्या तीनशेपैकी एकाही मेलमध्ये नव्हतं, हे राहतंच.

सीआरझेडच्या त्या मसुद्यानंतर दोन वर्षांनी ईआयएचा, म्हणजे प्रकल्पाला परवानगी देण्याआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या नियमांचा, मसुदा आला. मार्च २०२०, सगळे घरात कोंडलेले, आणि कागद इंग्रजी-हिंदीत. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा म्हणून सांगितलं. मंत्रालय भाषांतराला बसायच्या ऐवजी सर्वोच्च न्यायालयात गेलं. मराठीसाठी माणसं आपणहून बसली. दुकान बंदच होतं, मीही घरून काही पानं टाईप करून दिली. फुकट, आणि युनिकोडमध्ये. जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवस होणार, हे वाक्य मामीला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे आम्ही बाजारातून येईस्तोवर सुनावणी संपली.’’ आता हे वाक्य त्या दोन पानी पत्रात असतं तर!

सतरा लाखांच्या वर हरकती गेल्या आणि त्या मसुद्याची अंतिम अधिसूचना काही निघाली नाही. ताई म्हणतील, बघा, आकडाच. असेल. पण ईआयएच्या २००६ च्या जुन्या अधिसूचनेत सुधारणा आणि कार्यालयीन ज्ञापनं (मंत्रालयाची आतली सूचनापत्रं) मागून येतच राहिली, आणि ज्ञापनाला कुणी हरकती मागवत नाही. सतरा लाख माणसं पुढच्या दाराशी उभी होती, सामान मागच्या दारानं आत गेलं. संस्थांनी तिथं नजर ठेवायला हवी, पण त्याला मोर्चा निघत नाही, फोटो येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा ध्येयांच्या रंगीत चौकोनांचे बॅनर मी किती छापलेत, विचारू नका. त्यातला चौदावा निळा चौकोन समुद्राचा. कोळीवाड्यात लावायला म्हणून एकानंही मागितला नाही.

तुम्ही पाठवणारच असाल तर आयतं पत्र पाठवू नका. मसुद्याचं कलम लिहा, तुमची जागा लिहा, तिथं काय चालतं आणि त्या कलमानं काय बिघडेल ते लिहा. मराठीतच लिहा, युनिकोडमध्ये, वर पीडीएफ जोडा आणि पोच जपून ठेवा, पुढे कोर्टात लागते.

एक कबूल करायला हवं. २०११ च्या अधिसूचनेत मुंबईचे कोळीवाडे सीआरझेड-३ म्हणून, म्हणजे ना विकास क्षेत्राचे मीटर लागू असलेल्या वर्गात, दाखवायचे होते, हे मला नंतर कळलं. म्हणजे ताईंचं मीटरवालं वाक्य मी तेव्हा धरलं तितकं अस्थानी नव्हतं. आणि मेलसाठी फाईल वेगळी घ्या, हे मी त्या मुलाला सांगितलं होतं, ताईंना नाही. तोही घाईत होता.

पण खळ्याचं मी ताईंनाच सांगितलं होतं, समोर बसवून, चहा पाजून. त्या कामाचं बिलही अजून बाकी आहे.