मुलीला कणांचे डिटेक्टर बनवायचेत: फिजिक्स की इंजिनिअरिंग?

बार्शीहून एक आई लिहितात: “मुलगी बारावी सायन्सला आहे. एका व्याख्यानात तिने सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेबद्दल ऐकलं, तेव्हापासून ‘मला चेरेन्कोव्ह डिटेक्टर बनवायचे’ असंच म्हणते. तिचे बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, मग काय ते बघ. हे काम असतं तरी काय, आणि त्यावर पोट भरतं का?”

ताई, नमस्कार.

पोटाचं आधी सांगते. या कामाची वेगळी नोकरी जाहिरातीत सापडणार नाही. ते पीएचडी करणारी मुलं आणि संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ-इंजिनिअर करतात. पीएचडीची फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे एमएस्सीनंतर तिचा खर्च तिचा ती भागवेल, पण कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उजाडू शकते. बाबांना हे आत्ताच कळलेलं बरं.

आता काम. कोलायडरमधल्या, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रातल्या, टकरीतून पायॉन आणि केऑन हे कण मोठ्या संख्येने बाहेर पडतात. चुंबकीय क्षेत्रात ते किती वळले यावरून संवेग कळतो, पण कोण कुठला हे कळत नाही. केऑन पायॉनच्या साडेतीन पट जड, त्यामुळे संवेग सारखा असला तरी जरा हळू. क्वार्ट्झमधून किंवा वायूतून जाताना कणाचा वेग त्या माध्यमातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त असला, तर निळसर प्रकाशाचा शंकू तयार होतो आणि शंकूचा कोन वेगावर ठरतो. हा कोन मोजून कण ओळखतो तो चेरेन्कोव्ह डिटेक्टर. चेरेन्कोव्ह यांनी १९३४मध्ये नोंदवलेल्या या प्रकाशासाठी त्यांना, फ्रँक आणि टाम यांच्यासह, १९५८चं नोबेल मिळालं.

खरी कसोटी डिझाइनची असते. संवेग ३ जीईव्ही (कणांचा संवेग मोजायचं एकक) असेल तर क्वार्ट्झमध्ये पायॉनचा कोन साधारण ४७.१ अंश आणि केऑनचा ४६.४. एवढासा फरक टिपायचा! कॅलिफोर्नियातल्या बाबर प्रयोगात त्यासाठी जवळपास ४.९ मीटर लांबीच्या १४४ क्वार्ट्झ पट्ट्या बसवल्या होत्या. प्रकाश त्यांच्या आत शेकडो वेळा परावर्तित होत टोकाला पोहोचायचा, म्हणून पृष्ठभाग अर्ध्या नॅनोमीटरपर्यंत गुळगुळीत लागायचा. १० जीईव्हीला हाच फरक ०.०६ अंशावर येतो, तिथे क्वार्ट्झ पुरत नाही. म्हणून सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात वायू वापरतात. माध्यम कुठलं, आरसे कसे, फोटॉन (प्रकाशाचे कण) मोजणारे सेन्सर कुठले, हे सगळं आधी संगणकावर सिम्युलेशन करून ठरवतात.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. जपानच्या बेल-२ प्रयोगात फोटॉनची वेळ शंभर पिकोसेकंदांपेक्षा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) बारीक मोजतात, त्यात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांचं काम मोठं असतं. इंजिनिअरिंगच करायचं ठरलं, तर इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं. पण डिटेक्टर कसा असावा हे ठरवायचं असेल, तर माझं मत फिजिक्सकडे आहे. मात्र तिला प्रॅक्टिकल मनापासून आवडत असेल तरच. स्पेक्ट्रोमीटरवर कोन मोजताना कंटाळणाऱ्या मुलीला हे काम झेपणार नाही.

बारावीनंतर मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्था आहेत: आयसरसाठी आयएटी आणि भुवनेश्वरचं नायसर किंवा मुंबईचं सीईबीएस यांसाठी नेस्ट, या दोन्ही प्रवेशपरीक्षा तिला देऊ द्या. पुढे मुंबईच्या टीआयएफआरसारख्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) संस्थेत पीएचडी करता येते. बेल-२च्या सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर टीआयएफआरच्या गटानेच बांधलाय. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्र) ट्रेनिंग स्कूल फिजिक्स आणि इंजिनिअरिंग, दोन्हीकडच्या मुलांना घेतं. वर्षभराचं प्रशिक्षण पूर्ण केलं की नोकरी. लडाखमधल्या हानले इथली बीएआरसीची ‘मेस’ (MACE) नावाची दुर्बीण वातावरणात उमटणारा हाच प्रकाश टिपते, म्हणजे हे ज्ञान देशातही कामी येतं.

सीईटीही देऊ द्या. दरम्यान तिला वरचे कोन स्वतः काढायला सांगा: कोनाची कोसाइन म्हणजे १ भागिले (अपवर्तनांक गुणिले वेग), वेग प्रकाशाच्या पटीत, संवेग आणि वस्तुमानावरून काढलेला. क्वार्ट्झचा अपवर्तनांक १.४७ धरावा. बारावीचं गणित पुरतं. तिने तिसरा कण स्वतःहून घेऊन बघितला का, हे मला प्रवेशफेरीआधी निकालांसोबत कळवा.