बटण कधी मोठं करायचं, हे ॲपला कसं कळणार?

ताई,

मुलगी बारावी सायन्सला आहे. धाकट्या भावाचे हात थरथरतात, मोबाइलवर भलतंच बटण दाबलं जातं, म्हणून तिला माणसागणिक आपोआप बदलणारं ॲप करायचंय. त्यासाठी एआयचीच डिग्री हवी का, असं तुम्ही विचारलंय.

तसं काही नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स पुरे. डिझाइनची ओढ असेल तर यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस. ही डिझाइनची पदवी करता येते.

सुरुवात मात्र घरीच होऊ शकते. तिला एक साधं वेबपेज करू द्या: 24, 32, 44 आणि 64 पिक्सेलची बटणं, प्रत्येक मापाची वीस, क्रम पिसलेला. किती चुकली, बोट बटणाच्या मध्यापासून किती लांब पडलं, एकाऐवजी दोनदा लागलं का, हे टिपायचं. 24 पिक्सेल ही डब्ल्यूसीएजी 2.2 ची, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची, किमान अट आहे, थरथरत्या हाताला ती सहसा अपुरी पडते. पण चूक दुहेरी स्पर्शाची असेल, तर बटण कितीही वाढवा, फरक पडणार नाही. तिथे पहिल्या स्पर्शानंतर क्षणभर पुढचे स्पर्श सोडून द्यावे लागतात. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मोजा. हात दमले की आकडे बदलतात. वॉशिंग्टन विद्यापीठातली 'सपल' ही प्रणाली याच वाटेने गेली: हालचाली मोजायच्या आणि त्या माणसाला कमीत कमी वेळ लागेल अशी स्क्रीन गणिताने मांडायची.

घोळ होतो तो बटणं आपल्या मनाने जागा बदलतात तेव्हा. हाताला पाठ झालेली जागा गेली की भावाला सगळं पहिल्यापासून. म्हणून बदल आधी विचारावा, आणि नको वाटला तर एका टॅपमध्ये मागे घेता यावा.

मूळ पानच कच्चं असेल, तर वरचं एआय काही करू शकत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर, म्हणजे अंध माणसाला स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, तीच बडबडतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मॉनिटर बंद करून तिने त्यावर रोज अर्धा तास काम करावं. कोडचा एक छोटा तुकडा (स्क्रिप्ट) टाकला की साइट आपोआप सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येण्याजोगी, होते, असं सांगणाऱ्या एका कंपनीला 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दहा लाख डॉलर भरायला लावले, हेही तिला सांगा.

पहिली नोकरी बहुधा ॲक्सेसिबिलिटी टेस्टरची (साइट सुगम आहे का ते तपासणारी) किंवा फ्रंट-एंड डेव्हलपरची (स्क्रीनवर दिसणारा भाग घडवणारी) असेल. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. युरोपचा सुगमता कायदाही 28 जून 2025 पासून लागू झालाय, त्यामुळे तिकडे विकली जाणारी ॲप्स आणि ई-कॉमर्स साइट्स तपासून द्यायला माणसं लागतात. मुलाखतीत भावाच्या नोंदींचा तक्ता आणि त्यावरून केलेली बटणं दाखवायची.