लहान शिडाच्या बोटीत डोलकाठीच्या तारा किती आवळाव्यात?

आपण विचारले आहे की, आपल्या दोन माणसांच्या बोटीत डोलकाठीला धरणारी वाऱ्याआडच्या (वारा येतो त्याच्या विरुद्ध) बाजूची तार बोट चालू असताना सैल पडते, तर दोन्ही बाजूंच्या तारा आणखी आवळाव्यात काय. आवळू नयेत. वाऱ्याकडची तार सगळा भार घेते तेव्हा दुसरी नरम पडणारच. ती लोंबून हेलकावे खाऊ लागली तरच ताण कमी आहे असे समजावे.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच एका गोष्टीपायी माझी बोट फुटली होती. माझी बोट प्लायवुडची, एंटरप्राइझ वर्गाची जुनी बोट आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेल्या या चार मीटर लांबीच्या वर्गाच्या बोटीवरच मी नागपूरला एनसीसीच्या नौदल विभागात शीड चालवायला शिकलो. पुढे तशीच एक बोट मी साकोली तालुक्यातील आमच्या गावच्या मालगुजारी तलावावर आणली, जिथे तोवर ढिवरांच्या (मासेमारांच्या) डोंग्यांशिवाय काही चालत नसे. एका वैशाखात दुपारी दोन्ही बाजूंच्या तारा सैल लागल्या. आमचे मोठे भाऊजी वायरमन होते. त्यांनी उन्हाने तार वाढल्याचे सांगितले, टर्नबकलमध्ये (तार आवळण्याच्या पेचात) सळई घातली आणि विजेच्या खांबाचा स्टे (ताणाची तार) आवळावा तसे दोन्हीकडे तीन-तीन फेरे दिले. बोटाने छेडल्यावर तार वाजू लागली, तेव्हा ते समाधानाने बाजूला झाले. तासाभराने तलावाच्या मध्यावर माझ्या पायाखाली पाणी आले. डोलकाठीच्या बुडाखालचा लाकडी ठोकळा आधीच कुजलेला होता, काठी त्यात बोटभर खचली होती आणि तारा सैल पडल्या होत्या त्या त्यामुळेच. वरून आवळल्याबरोबर काठीने तो ठोकळा चिरला आणि खालचा सांधा उघडला.

खांब जमिनीत रोवलेला असतो, डोलकाठी बोटीच्या तळावर उभी असते. बाजूच्या तारा जितक्या ओढाव्या तितके बोटीचे काठ वर खेचले जातात आणि तळ खाली दाबला जातो. उन्हाचे म्हणाल, तर अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते आणि स्टेनलेस पोलाद सुमारे १७. म्हणजे पाच मीटरच्या काठीवर वीस अंशांनी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक फरक पडतो, आणि काठी तारेहून जास्त वाढत असल्याने त्या फरकाने तार सैल पडत नाही, उलट ताणली जाते. भाऊजींनी हे आजवर मान्य केलेले नाही. म्हणून सांगतो की, काल ठीक असलेली तार आज सैल लागली तर पाना उचलण्यापूर्वी बूड, पिनांची भोके आणि तारा जिथे अडकवतात त्या काठावरच्या पट्ट्या पाहाव्यात.

त्यानंतर मोठ्या शिडाच्या हॅलयार्डचे (शीड वर चढवण्याच्या दोरीचे) टोक दोन्ही काठांवरच्या पट्ट्यांना लावून काठी मध्यावर आहे याची खात्री करावी, दोन्ही टर्नबकल अर्धा-अर्धा फेरा सारखेच फिरवावेत आणि खालून काठीच्या शीड सरकवायच्या खाचेत नजर लावून ती कुठे वाकली नाही हे पाहावे. अशा बोटीत खरा ताण जिबच्या (पुढच्या लहान शिडाच्या) हॅलयार्डने येतो. तो ओढल्यावर फोरस्टे (काठीची पुढची तार) सैल दिसतो, त्याची चिंता करू नये. जोराच्या वाऱ्यात जिबची पुढची कड वाऱ्याआड झुकू नये म्हणून ताण थोडा वाढवावा, मंद वाऱ्यात उतरवावा.

हे सगळे लहान, हलक्या बोटीपुरते आहे; तळाखाली जड कील (वजनाचा पंखा) असलेल्या बोटीला लावू नये. शेवटी टर्नबकलला पिन घालायची विसरू नये, नाहीतर तो चालत्या बोटीत आपोआप उकलतो. भाऊजींचे एक म्हणणे मात्र मी तंतोतंत पाळतो: तलावाच्या पाळीवरून ११ केव्हीची विजेची लाइन जात असेल, तर काठी आडवी ठेवूनच बोट पाण्यापर्यंत न्यावी आणि लाइनपासून पुरेसे लांब गेल्यावरच ती उभी करावी.