वही कोरी राहिली तर राहू दे

फ्रेंच शिकणाऱ्या तिसरीच्या मुलांकडून 'एत्र'ची, म्हणजे 'असणे' या क्रियापदाची, रूपं आताच वहीत लिहून पाठ करून घेऊ का, असं विचारलंयस. नको. वह्या कोऱ्या म्हणून पालक कुरकुरतात, पर्यवेक्षक भुवया उंचावतात, सगळं ठाऊक आहे मला. तरीही आधी कान, मग तोंड. लिहिणं नंतर.

'पार्ल', म्हणजे 'बोलणे', हे क्रियापद घे. मी, तू, तो, ते, चौघांनाही आवाज एकच. लिहिताना मात्र तीन निरनिराळी शेपटं. कानाने शिकलेल्या मुलाला इथे काही अवघड आहे याचा पत्ताही लागत नाही. तेच आधी फळ्यावर दिलंस, तर नुकतंच वाचायला लागलेलं पोर दिसेल ते अक्षर उच्चारणारच. ती मुकी अक्षरं एकदा जिभेवर बसली की काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून आधी कान.

आणि उच्चार देवनागरीत लिहून देण्याचा मोह आवर! 'तू' आणि 'सगळं' या दोन शब्दांचे फ्रेंचमधले उच्चार वेगळे आहेत. आपल्या लिपीत दोन्ही 'तू'च होतात. पहिल्यात ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'च्या जागी. ते मुलांना तुझ्या तोंडाकडे बघूनच कळेल. (मी इथे देवनागरीतच लिहितेय खरी, पण तो आवाज तुझ्या कानात आधीच आहे.)

नाम कधी एकटं देऊ नकोस. शाळेला 'लेकोल' म्हटलं की लिंग लपतं, म्हणून स्त्रीलिंगी 'यून' जोडून 'यून एकोल' असंच म्हणायचं, दर वेळी. उठा, बसा, दार उघडा, निळी पेन्सिल दाखवा, हे रोज फ्रेंचमधून सांग. मुलं करतील, पण बोलणार नाहीत. न बोलू देत. तू फार लवकर घाबरतेस.

लवकर सुरू करून काही फायदा नसतो, असं तुला कुणीतरी ऐकवलंय. इंग्लंडमध्ये १९६४ला प्राथमिक शाळांत फ्रेंचचा प्रयोग सुरू झाला आणि १९७४च्या अहवालाने भरीव फायदा दिसत नाही म्हणून सांगितलं, हे खरं. पण तोच अहवाल म्हणतो की आठव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं सोळाव्या वर्षी एका गोष्टीत सातत्याने पुढे होती: ऐकून समजण्यात. कान, बाई, कान!

याच हट्टापायी एका शाळेने माझे लहान वर्ग काढून घेतले. वह्या भरून घ्यायला हव्या होत्या, असं मला आजही वाटत नाही. रुखरुख आहे ती त्या मुलांची. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून बसवलं आणि ऐकून हसणारी, उत्तर देणारी पोरं वहीत मान घालून गप्प झाली. त्याचा राग अजून गेलेला नाही, तेव्हा या पत्रात तो डोकावला तर समजून घे.

लिहिणं येऊच नये असं नाही. तोंडात रुळलेला शब्दच कागदावर उतरवायचा, एवढीच अट. परीक्षेची चिंता करणाऱ्या पालकांना 'डेल्फ प्रिम' या मुलांसाठीच्या फ्रेंच परीक्षेची, ए१ या सुरुवातीच्या पातळीची गुणविभागणी दाखव: १०० पैकी ५० गुण ऐकण्या-बोलण्याचेच.

पालकसभेला वह्यांचा गठ्ठा नेऊ नकोस. पालकांना वर्गात मागे बसव, नेहमीसारख्या सूचना दे, आणि मग त्याच सूचना पालकांना पाळायला सांग. कुठे अडलं तर पोरं सांगतील त्यांना.